कुंपण आणि बियाणे

शेत केवढे आहे हे सांगायच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एखादा म्हणतो, "बांधाबांधानं एक फेरी मारली तर सहाशे पावलं पडतात." दुसरा म्हणतो, "माझ्या रानाला दोन पायल्या बी लागतं." ऐकणाऱ्याला वाटते, दोघांनी एकच गोष्ट सांगितली. पण तसे नाही. पहिल्याने शेताच्या कडेची लांबी सांगितली; दुसऱ्याने शेत किती पसरले आहे ते सांगितले. शाळेच्या भाषेत पहिलीला परिमिती म्हणतात आणि दुसऱ्याला क्षेत्रफळ. हे दोन शब्द आपण लहानपणी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे विसरून जातो. विसरल्याने काय होते, याची घरातलीच एक गोष्ट आधी सांगतो. मग हिशेबाकडे वळू.

माझ्या आजोळी, आईचे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ यांची वाटणी १९५६ साली झाली. वाटणी तोंडी होती. कागदावर दोघांची नावे एकत्रच राहिली. थोरल्यांच्या वाट्याला विहिरीवरचे चौकोनी रान आले, आजोबांच्या वाट्याला ओढ्याकाठची लांबट पट्टी. गावातल्या चार जाणत्या माणसांनी दोन्ही रानांभोवती पावले टाकली. याच्याभोवती सहाशे, त्याच्याभोवतीही सहाशे. पुढे दोघांनी काटेरी कुंपण घातले, तेव्हा बाभळीच्या फांद्यांच्या गाड्याही दोघांना सारख्याच लागल्या. झाले! वाटणी बरोबर निम्मी-निम्मी झाली, याबद्दल कोणाच्या मनात शंका राहिली नाही.

पण सुगी आली की थोरल्यांच्या खळ्यावरची रास मोठी आणि आजोबांची लहान. हे एका वर्षी नव्हे, दरवर्षी. थोरले म्हणत, "रान सारखं, पाऊस सारखा, मग तुझंच कसं कमी येतं? जरा पहाटे उठत जा." थोरल्यांच्या रानाला जेवढे बियाणे लागे, त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांशात आजोबांची पेरणी उरके. त्यावरही बोल लागे, "पाभर पळवतोस, म्हणून बी विरळ पडतं." आजोबा स्वभावाने गरीब. ते मनाशी म्हणत, असेल आपलेच काही चुकत. हळूहळू गावातही त्यांचे नाव आळशी म्हणून पडले. अशी सदतीस वर्षे गेली.

१९९३ साली मी सातवीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलो, तेव्हा सहज गंमत म्हणून दोन्ही रानांच्या बाजू पावलांनी वेगवेगळ्या मोजल्या. थोरल्यांचे रान १५० पावले लांब आणि १५० पावले रुंद. आजोबांची पट्टी २४० पावले लांब आणि ६० पावले रुंद. फेरी दोन्हीकडे ६०० पावलांचीच. पण गुणाकार करून पाहिला, तर थोरल्यांचे क्षेत्र २२,५०० चौरस पावले आणि आजोबांचे १४,४०० चौरस पावले. म्हणजे थोरल्यांचे शंभर धरले, तर आजोबांचे चौसष्ट! थोरले आजोबा दोन वर्षांपूर्वीच वारले होते. आजोबा वहीतल्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "दादा असताना हे कळायला हवं होतं."

या गोष्टीत लबाड कोणी नाही, हे ध्यानात घ्या. थोरल्यांनी फसवले नाही, पंचांनीही फसवले नाही. सगळ्यांनी प्रामाणिकपणे मोजले, पण जे मोजायचे ते सोडून भलतेच मोजले. कुंपण कडेला लागते, बियाणे अंगाला लागते. फांद्यांच्या गाड्या कडेची लांबी सांगत होत्या. खरे क्षेत्र बियाण्याचे माप दरवर्षी सांगत होते, पण त्याचे म्हणणे कोणी ऐकले नाही.

ही चूक खेड्यातल्या माणसाचीच असते असे मात्र समजू नका. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पॉलिबिअस नावाचा ग्रीक इतिहासकार होऊन गेला. बहुतेक लोक शहराचे मोठेपण त्याच्या तटाच्या लांबीवरून ठरवतात, अशी त्याने तक्रार केली आहे. त्याने उदाहरण दिले ते मेगालोपोलिस आणि स्पार्टा या दोन शहरांचे. मेगालोपोलिसचा घेर ५० स्टेडिया, स्पार्टाचा ४८. तरी स्पार्टा मेगालोपोलिसच्या दुप्पट मोठे आहे, असे सांगितले की लोकांना खरे वाटत नाही, असे तो म्हणतो. तेव्हा सेनापती आणि राजकारणी माणसेही इथे फसत आली आहेत.

आता एक प्रयोग करू. शिक्षकांनी तो शाळेच्या पटांगणात मुलांकडून करून घ्यावा. त्याआधी मापांची उजळणी करू. आपल्याकडची मोजणीची जुनी साखळी ३३ फूट लांब असे आणि तिचे सोळा आणे मानीत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आता सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. १०० चौरस मीटरांचा एक आर, आणि १०० आरांचा एक हेक्टर. गुंठा भरतो १०१ चौरस मीटरांहून किंचित जास्त. तेव्हा गुंठा आणि आर ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत असे समजा.

चार साखळ्यांएवढा, म्हणजे १३२ फुटांचा दोर घ्या आणि त्याची दोन्ही टोके बांधून टाका. हे झाले आपले कुंपण. ते आता वाढणार नाही की घटणार नाही. चार मुलांना चार कोपऱ्यांवर उभे करून ३३ फुटांचा चौरस करा. आत जागा किती? बरोबर एक गुंठा. आता दोन मुलांना जवळ आणा आणि दोघांना लांब न्या. ४९½ फूट लांब आणि १६½ फूट रुंद असा आयत झाला. दोर तोच, पण आतली जागा ८१६¾ चौरस फूट, म्हणजे पाऊण गुंठा. पाव गुंठा गेला कुठे? कोणी चोरला नाही, तो आकाराने खाल्ला. आणखी ताणा. ६० फूट लांब, ६ फूट रुंद. आत राहिले ३६० चौरस फूट, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडे कमी. आणखी ताणून ६५ फूट लांब आणि एक फूट रुंद केलेत, तर ६५ चौरस फूटच उरतील. दोर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत १३२ फुटांचाच आहे.

ही घट कशी होते, त्याचा एक सोपा नियम आहे. चौरसाची एक बाजू जेवढी वाढवली, तेवढीच दुसरी कमी करावी लागते. बाजू एक फुटाने हलवली, तर ३४ गुणिले ३२ म्हणजे १,०८८. एकच चौरस फूट गेला. दोन फुटांनी हलवली, तर ३५ गुणिले ३१ म्हणजे १,०८५, चार गेले. तीन फुटांनी हलवली की नऊ जातात. जेवढे फूट हलवाल, त्याचा वर्ग करा. तेवढे चौरस फूट गेले. आजोबांची पट्टी आठवा. १५० चे २४० झाले आणि १५० चे ६० झाले, म्हणजे बाजू नव्वद पावलांनी हललेली. नव्वदाचा वर्ग ८,१००. आणि २२,५०० वजा ८,१०० म्हणजे बरोबर १४,४००. सुरुवातीला तोटा बारीक असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पट्टी लांबत जाते तसा तो वाढत जातो.

त्याच दोराचा त्रिकोण करून पाहा. तीन मुले, ४४ फुटांच्या तीन बाजू. उंची मोजलीत तर सुमारे ३८ फूट भरेल. क्षेत्र ८३८ चौरस फुटांच्या आसपास, पाऊण गुंठ्याहून थोडे जास्त. म्हणजे चौरसापेक्षा कमीच. आता शेवटी सगळ्या वर्गाला दोर धरायला लावा आणि गोल करा. त्रिज्या २१ फुटांची होईल, कारण २१ ची दुप्पट ४२ आणि तिला २२/७ ने गुणले की १३२ येतात. वर्तुळाचे क्षेत्र काढा. २१ चा वर्ग ४४१, त्याला २२/७ ने गुणून १,३८६ चौरस फूट. म्हणजे सव्वा गुंठ्याहूनही थोडे अधिक! एवढ्याच दोरात याहून जास्त जागा कोणत्याही आकारात बसत नाही. तट्ट्याची कणगी गोल केली की त्याच तट्ट्यात चौकोनी कणगीपेक्षा जास्त धान्य मावते, त्याचे गणित हेच.

याच्याच शेजारची दुसरी गल्लत सांगून ठेवतो. बाजू दुप्पट केली की क्षेत्र दुप्पट होते, असे पुष्कळांना वाटते. एक साखळी बाजूचा चौरस एक गुंठ्याचा. दोन साखळ्या बाजूचा चौरस मात्र चार गुंठ्यांचा. कुंपण दुप्पट लागते आणि बियाणे चौपट लागते. एक वीत रुंदीच्या भाकरीच्या बदली अर्ध्या वितीच्या दोन भाकरी दिल्या, तर पोरगेसुद्धा म्हणेल, "आई, पोट भरलं नाही!" त्याचे खरे आहे. जाडी सारखी असेल, तर तशा चार भाकरी द्यायला हव्यात.

इथवर आकार सरळ होते. पण आपली शेते अशी आखीव-रेखीव थोडीच असतात? एक बाजू ओढ्याने तिरकी केलेली, दुसरी गाडीवाटेने. मग एका आकाराची दुसऱ्याशी तुलना करायची कशी? याला एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. कापा आणि सरकवा. एक आयताकृती कागद घ्या. त्याच्या एका टोकाचा तिरका तुकडा कापा आणि तो उचलून दुसऱ्या टोकाला लावा. आयताचा कललेला चौकोन, म्हणजे समांतरभुज चौकोन झाला. कागद तेवढाच, म्हणून क्षेत्रही तेवढेच. मात्र त्याची उंची मोजायची ती उभी, तिरकी बाजू धरायची नाही. आता हा चौकोन कर्णावर कापा. दोन सारखे त्रिकोण झाले. म्हणून त्रिकोणाचे क्षेत्र पाया गुणिले उंचीच्या निम्मे. सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांच्या हाती एकदा कात्री द्या. मग 'निम्मे' का, हे कोणी विसरणार नाही.

आपल्या देशात ही विद्या फार जुनी आहे. यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत गार्हपत्य अग्नीची जागा गोल, आहवनीयाची चौरस आणि दक्षिणाग्नीची अर्धगोल सांगितली आहे. पण तिन्हींचे क्षेत्र एकच असले पाहिजे असा दंडक आहे. शुल्ब म्हणजे दोरी. आकार निराळा आणि क्षेत्र तेच, हे दोरीने साधायचे काम ती माणसे करीत होती. वर्तुळाच्या बाबतीत त्यांचे उत्तर जवळपासचे असे. आयताचा चौरस करण्याची त्यांची रीत मात्र बिनचूक आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, कारण पैशाचा आणि भाऊबंदकीचा प्रश्न इथेच येतो. चार बाजूंचे वेडेवाकडे शेत असले, की पुष्कळ ठिकाणी एक सोपी रीत वापरतात. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज करून निम्मी करायची. दुसऱ्या दोन बाजूंचेही तसेच. मग दोहोंचा गुणाकार करायचा. रीत सुटसुटीत आहे, पण ती चुकीची आहे आणि ती नेहमी एकाच बाजूला चुकते. ती क्षेत्र जास्त दाखवते. शेत काटकोनी आयत असेल तेव्हाच ती खरी ठरते.

असे का? त्यासाठी बांबूच्या चार सारख्या काड्या घ्या आणि टोकांना सैल बांधून चौकट करा. काडी दहा वितींची असेल, तर चौकट ताठ उभी असताना आत शंभर चौरस विती. आता चौकट एका बाजूला कलवा. काड्या तेवढ्याच, चारही बाजू दहाच्याच. पण उंची आठ झाली की क्षेत्र ऐंशी, उंची पाच झाली की पन्नास. अगदी आडवी पाडली की काही उरतच नाही. वरच्या रीतीला मात्र हे कलणे दिसत नाही. ती प्रत्येक वेळी शंभरच सांगणार. म्हणून चार बाजू कळल्या म्हणजे शेत कळले असे होत नाही.

आता एक खरोखरीचा हिशेब करून पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. एका शेताचे चार कोपरे क, ख, ग, घ. बाजू मीटरमध्ये अशा आहेत: क ते ख १३०, ख ते ग १५०, ग ते घ १२५, आणि घ ते क ८५. सोप्या रीतीने १३० आणि १२५ यांची सरासरी १२७½, तर १५० आणि ८५ यांची ११७½. गुणाकार १४,९८१ चौरस मीटर आणि वर थोडे. म्हणजे एक हेक्टर आणि जवळजवळ ५० आर. विकणारा खूश!

आता याच शेताचा क पासून ग पर्यंतचा कर्ण मोजा. तो १४० मीटर भरला. ख कोपऱ्यापासून कर्णावर उभे अंतर १२० मीटर आणि पलीकडे घ कोपऱ्यापासून ७५ मीटर. शेताचे दोन त्रिकोण झाले. पहिला १४० गुणिले १२० च्या निम्मे, म्हणजे ८,४००. दुसरा १४० गुणिले ७५ च्या निम्मे, म्हणजे ५,२५०. एकूण १३,६५० चौरस मीटर. एक हेक्टर साडेछत्तीस आर. दोन उत्तरांत फरक तेरा आरांहून जास्त, म्हणजे तेरा गुंठ्यांचा. हे तेरा गुंठे कागदावर आहेत, पायाखाली नाहीत. त्यांत नांगर चालणार नाही. मात्र घेणाऱ्याला त्यांचे पैसे मोजावे लागतील.

ही रीत आपल्याकडे किती जुनी आहे पाहा. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार दिला आहे, पण त्याला त्याने स्थूल फळ म्हटले आहे, म्हणजे ढोबळ. त्याच्या जोडीला त्याने सूक्ष्म फळही दिले. चारही बाजूंच्या बेरजेचे निम्मे करायचे, त्यातून एकेक बाजू वजा करायची, त्या चार वजाबाक्यांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचे. आपल्या शेताला हे लावून पाहा. बेरीज ४९०, निम्मे २४५. वजाबाक्या ११५, ९५, १२० आणि १६०. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे १४,४८३. पहिल्यापेक्षा बरे, तरी खऱ्याहून आठ आरांनी जास्तच. कारण हा नियम ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात, त्यालाच बिनचूक लागू पडतो. आपले शेत तसे नाही.

याचे मर्म उघड करून सांगितले ते भास्कराचार्यांनी, ११५० सालच्या 'लीलावती'त. चौकोनाच्या चार बाजू त्याच ठेवून त्याचे कर्ण बदलता येतात आणि कर्ण बदलले की क्षेत्रही बदलते, असे त्यांनी दाखवले. म्हणून तो वर्गमुळाचा नियम चौकोनात नेहमी नेमका नाही, त्रिकोणात मात्र नेमका आहे, हेही सांगितले. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्याला त्यांनी सरळ पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठा! या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापला. त्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ज्या मातीत ही गोष्ट साडेआठशे वर्षांपूर्वी शिकवली जात होती, तिथेच आपण अजून सरासऱ्या गुणत बसावे, याला काय म्हणावे!

त्रिकोणाची एवढी थोरवी का, हेही काड्यांनीच कळते. तीन काड्यांची टोके बांधून त्रिकोण करा आणि कलवून पाहा. तो हलत नाही. घराच्या कैचीत त्रिकोण असतो तो याचसाठी. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला आणि त्याचे क्षेत्रही ठरले. म्हणून वेड्यावाकड्या शेताचे आधी त्रिकोण पाडायचे. भूमी अभिलेखाच्या जुन्या दप्तरात टिपण आणि गुणाकार बुक असते. शेतातून सरळ रेषा धरून तिच्यापासून कोपऱ्यांपर्यंतची उभी अंतरे टिपणात मांडतात, आणि तुकड्यातुकड्याचे क्षेत्र काढून त्यांची बेरीज गुणाकार बुकात करतात. आता मोजणीला उपग्रहांच्या आधाराने चालणारी यंत्रे आली आहेत. यंत्र कोपऱ्यांच्या जागा नेमक्या पकडते. पुढचा हिशेब त्याच तत्त्वाचा आहे. फक्त तो क्षणात होतो.

सरकारी मोजणीची जागा आपली घरगुती मोजणी घेऊ शकत नाही. हद्दीचा वाद असेल, तर रीतसर मोजणीच मागवावी. पण व्यवहार करण्यापूर्वी, वाटणीला बसण्यापूर्वी स्वतःची खात्री करून घ्यायला फारसे लागत नाही. लांब टेप किंवा न ताणणारा दोर असला म्हणजे पुरे. शेताच्या चार बाजू मोजा आणि पाचवे माप कर्णाचे घ्या. हे पाचवे माप विसरू नका, खरी मेख तिथेच आहे. उभे अंतर काढायचे झाले, तर दोराचे सारखे बारा भाग करून तीन, चार आणि पाच भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणा. तीन आणि चार जिथे मिळतात तिथे काटकोन सापडेल. तेही करायचे नसेल, तर प्रत्येक त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्र काढा. आपल्या शेतातला पहिला त्रिकोण १३०, १४० आणि १५० चा. बेरजेचे निम्मे २१०. त्यातून तिन्ही बाजू वजा करून ८०, ७० आणि ६०. या चारही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की ८,४०० येतात, मघाचेच उत्तर. दुसऱ्या त्रिकोणाचा हिशेब आठवीतल्या मुलाकडून करवून घ्या. ५,२५० आले की त्याला शाबासकी द्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. सोपी रीत नेहमी जास्तच का दाखवते, हे वरच्या वर्गाला जरूर समजावून द्या. दोन बाजू दिल्या असता त्यांमधला कोन काटकोन असेल तेव्हाच त्रिकोण सर्वांत मोठा होतो. म्हणजे कोणताही त्रिकोण आपल्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून मोठा असू शकत नाही. चौकोन एका कर्णावर कापा, मग दुसऱ्या कर्णावर कापा. मिळालेल्या चारही त्रिकोणांना हा नियम लावा आणि बेरीज करा. सरासऱ्यांचा गुणाकार खऱ्या क्षेत्रापेक्षा कधीच कमी येत नाही, हे आपोआप निघते. आणि लहान वर्गासाठी चिंचोके पुरेत. चोवीस आगपेटीच्या काड्यांनी सहा बाय सहाचा चौरस करा, मग दहा बाय दोनचा आयत करा. दोन्हींत काडीएवढ्या बाजूचे चौरस आखून प्रत्येकात एकेक चिंचोका ठेवायला सांगा. एकात छत्तीस बसतील, दुसऱ्यात वीस. काड्या म्हणजे कुंपण आणि चिंचोके म्हणजे बियाणे, एवढे मुलाने स्वतःच्या हाताने एकदा मोजले, की लांबी गुणिले रुंदी हे त्याला पाठ करावे लागणार नाही.

आमच्या आजोळी पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. बांध हलला नाही. मामांनी आणि त्यांच्या चुलतभावांनी ओढ्याकाठच्या पट्टीला विहिरीचे पाणी द्यायचे ठरवले आणि गोष्ट तिथे मिटली. आजोबांना जमिनीचे वाईट वाटले नव्हते. वाईट वाटले ते एवढ्याचे, की सदतीस वर्षे ऐकलेला आळशी हा शब्द खोटा होता आणि तो बोलणाऱ्याला ते कधी कळले नाही. दोन भावांपैकी कोणालाही एक गुणाकार करता आला असता, तर तो शब्द दुसऱ्याच सुगीला मिटला असता.

तेव्हा मंडळी, यापुढे कोणी "दोन्हीकडे पावलं सारखीच पडली" असे सांगू लागला, तर मान डोलावू नका. त्याला विचारा, "ते झालं कुंपणाचं. बियाणं किती लागतं ते सांगा."